पटावरचे नाव आणि पाटीवरचे अक्षर

जून महिना तोंडावर आला आहे. आणखी काही दिवसांनी गावोगावच्या प्राथमिक शाळांची दारे उघडतील. पहिलीत येणाऱ्या मुलांच्या हाती फूल देण्यात येईल, प्रभातफेऱ्या निघतील, नवी पुस्तके वाटली जातील, आणि सायंकाळपर्यंत मुख्याध्यापक आपल्या वरिष्ठांस कळवतील की, यंदाचा पट इतका इतका भरला. हा सोहळा आम्हांस अप्रिय आहे असे कोणी समजू नये. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेशासाठी अर्ज केला तेव्हा मुंबई सरकारची पंचाईत झाली होती, आणि एका मुलासाठी सगळी शाळा ओस पाडता येणार नाही अशी सबब सांगून त्यास परत पाठविण्यात आले होते. त्या मुलाच्या समाजातील पोराचे आज शाळेच्या दारात फूल देऊन स्वागत व्हावे, ही लहानसहान गोष्ट नव्हे. परंतु फूल सायंकाळी सुकते. त्यानंतर तीन वर्षांनी त्या मुलास दोन ओळी सरळ वाचता येतात काय, हा आमचा प्रश्न आहे; आणि तो विचारण्याची आपल्या समाजात अद्याप चाल पडलेली नाही.

हा प्रश्न आम्ही नंदुरबार जिल्ह्यातील म्हसावद हे गाव डोळ्यांपुढे ठेवून विचारीत आहोत. (माणदेशातील म्हसवड ते निराळे.) शहादे तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, मैदान संपून डोंगरवाट सुरू होते त्या बाजूस हे म्हसावद आहे. आसपास ऊस, केळी, पपईची बागायत. आणि त्या बागायतीत राबणारे हात बहुतांशी भिल्ल व पावरा बांधवांचे. १९७२ साली याच शहादे तालुक्यात श्रमिक संघटना उभी राहिली व भिल्ल शेतमजुराने आपल्या गेलेल्या जमिनीचा हिशेब मागितला, हे जुन्या कार्यकर्त्यांस आठवत असेल. १९९८ साली धुळे जिल्ह्यातून नंदुरबार हा वेगळा जिल्हा काढण्यात आला. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्याची साक्षरता सुमारे ६४ टक्के भरली. साऱ्या महाराष्ट्रात ती सर्वांत कमी होती. लोकसंख्येत आदिवासी शंभरात ६९, तर अनुसूचित जाती शंभरात जेमतेम ३. अर्थात अशा मुलखात बौद्धांची घरे मोजकी. नागपूर, औरंगाबाद अथवा मुंबईच्या वस्त्यांत आपले मूल आपल्याच मुलांच्या मेळ्यात शिकते. इकडे ते भिल्ल आणि पावरा मुलांच्या शेजारी एकाच सतरंजीवर बसते. त्या सतरंजीवर शिकविणे नीट चालले तर दोघेही शिकतात, नाही तर दोघेही बुडतात. म्हणूनच आम्ही हा मुलूख निवडला.

परमपूज्य बाबासाहेबांनी हा मुलूख पाहिला होता. मुंबई सरकारने १९२८ साली दलित वर्ग व आदिवासी जमाती या दोहोंच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तीत बाबासाहेब, डॉ. सोळंकी व ठक्कर हे सभासद होते. तिच्या कामासाठी १९२९ साली बाबासाहेब खानदेशच्या दोन्ही जिल्ह्यांत हिंडले. शहादे तेव्हा पश्चिम खानदेशात मोडत असे. याच दौऱ्यातून परतताना चाळीसगावी कोणी टांगेवाला त्यांस न्यावयास तयार होईना. वस्तीतल्या अननुभवी माणसाने लगाम हाती घेतला, पुलावर टांगा उलटला व बाबासाहेबांचा पाय मोडला. ही हकिगत आपल्या मुलांस पाठ असते. परंतु ते कोणत्या कामासाठी आले होते, आणि त्या कामात अस्पृश्य व आदिवासी यांची गाऱ्हाणी एकाच दप्तरात होती, हे मात्र आपण विसरतो.

त्याच्या दोन वर्षे आधी, १२ मार्च १९२७ रोजी, महाडच्या सत्याग्रहास आठवडा उरलेला असताना बाबासाहेब मुंबईच्या कायदेमंडळात शिक्षणाच्या खर्चावर बोलले. त्या भाषणात त्यांनी मांडलेला हिशेब प्रत्येक बौद्ध आईबापाने ध्यानी ठेवावा असा आहे. प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत पोहोचतात अवघी अठरा. उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत जाऊन पडतात. याच गतीने चालल्यास शाळेच्या वयाचे सगळे मुलगे शाळेत येण्यास चाळीस वर्षे व मुली येण्यास तीनशे वर्षे लागतील, हेही त्यांनी दाखवून दिले. सरकार शिक्षणावर दरडोई चौदा आणे खर्च करते आणि दारूच्या अबकारीतून दरडोई दोन रुपयांहून अधिक वसूल करते, हे तर त्यांनी सरकारच्या तोंडावर सांगितले. शाळेतील पहिल्या दिवसाच्या गर्दीने बाबासाहेब भुलले नाहीत. मूल चौथीच्या दारापर्यंत पोहोचते काय, हे ते पाहत होते. कारण त्यापूर्वी शाळा सुटली तर शिकलेले अक्षर टिकत नाही व त्यावर झालेला खर्च पाण्यात जातो, हा त्यांचा मुद्दा होता.

आता आजचा हिशेब पाहा. घटनेने १९५० साली दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांस मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचे अभिवचन दिले. ते हक्क म्हणून घटनेत येण्यास २००२ साल उजाडावे लागले आणि त्याचा कायदा १ एप्रिल २०१० रोजी अमलात आला. असो, उशिरा का होईना, आला. आज सहा ते चौदा वर्षे वयाच्या शंभर मुलांपैकी अठ्ठ्याण्णव कोणत्या ना कोणत्या शाळेच्या पटावर आहेत. ब्याऐंशींची गळती चौथीच्या आत आता होत नाही. मुलगी शाळेत येण्यास तीनशे वर्षे लागली नाहीत. हे श्रेय कायद्याचे आहे, शिक्षकांचे आहे, आणि पोटाला चिमटा घेऊन पोरांना दप्तर घेऊन देणाऱ्या आपल्या आयाबहिणींचे आहे.

परंतु ‘असर’ या नावाने देशाच्या ग्रामीण भागात मुलांच्या वाचनाची जी पाहणी होते, तिचे आकडे असे आहेत: तिसरीतील शंभर मुलांपैकी दुसरीच्या पुस्तकातील उतारा वाचू शकणारी मुले २०१८ साली सत्तावीस होती, करोनाच्या टाळेबंदीनंतर २०२२ साली ती वीसवर आली, आणि २०२४ साली पुन्हा सत्तावीस झाली. म्हणजे शंभरांतली त्र्याहत्तर मुले तिसरीच्या वर्गात बसलेली आहेत, पटावर आहेत, खिचडीच्या पंक्तीत आहेत, आणि दुसरीचे पुस्तक त्यांस वाचता येत नाही. १९२७ साली ब्याऐंशी मुले शाळेबाहेर पडून निरक्षर राहत. आज त्यांचे भाऊबंद शाळेत बसून निरक्षर राहतात. बाहेर पडलेले मूल निदान डोळ्यांस दिसते. आत बसलेले दिसत नाही. आणि बाप समजतो की माझा मुलगा तिसरी शिकला.

पटाच्या आकड्यावर किती विसंबावे याचा धडा महाराष्ट्रास एकदा मिळालेला आहे. नांदेड जिल्ह्यात पटावरील मुले प्रत्यक्ष मोजण्याचा प्रयोग झाल्यानंतर ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर पटपडताळणी झाली. बोटाला शाई लावून मुले मोजली गेली. सुमारे वीस लाख नावे अशी निघाली की, ज्यांची मुले वर्गात आढळली नाहीत. त्यांतील पुष्कळ नावे अनुदान लाटण्यासाठी घातलेली होती, यात शंका नाही. परंतु सारीच खोटी होती असे आम्ही म्हणणार नाही. रोजगारासाठी परगावी गेलेल्या आईबापांच्या मागे गेलेली मुलेही त्यांत होतीच. त्या मुलांस खोटी ठरवून मोकळे होणे सोपे असते. ती कोठे गेली याचा माग काढणे कष्टाचे.

तेव्हा मुले शाळेत असूनही शिकत का नाहीत, हे पाहू. त्यांच्या डोक्यात काही कमी आहे असे मानणाऱ्यांशी वाद घालण्यात आम्ही शाई खर्चणार नाही. आपल्या आजोबांविषयीही तेच म्हटले जात असे. खरे कारण पहिल्याच दिवशी वर्गात उभे असते, आणि ते म्हणजे भाषा. म्हसावदच्या बाजूचे मूल घरी भिल्ली बोलते, पावरी बोलते, अहिराणी बोलते. ज्यास आई ‘आंडोर’ म्हणून हाक मारते, त्यास पुस्तकात एकदम ‘मुलगा’ भेटतो. अहिराणी ही निदान मराठीची सख्खी शेजारीण आहे. भिल्ल व पावरा मुलास तर पुस्तकातील निम्मे शब्द परमुलखातले वाटतात. असे मूल पहिली दोन वर्षे गप्प बसते. गप्प मुलास मास्तर मंद समजतो, आणि मंद समजलेल्या मुलास मागे बसवतो. तिसरीत ते का वाचत नाही याचे उत्तर पहिलीत त्यास कोठे बसविले होते यात सापडते.

या बाबतीत तथागतांचे उदाहरण आपल्या घरांत सांगितले गेले पाहिजे. ब्राह्मण कुळातून आलेल्या दोन भिक्खू बंधूंनी बुद्धवचन छंदोबद्ध करावे अशी विनंती केली, तेव्हा भगवंतांनी ती साफ नाकारली व ज्याने त्याने आपल्या भाषेतून धम्म शिकावा अशी अनुज्ञा दिली. विनयपिटकात ही कथा आहे. ज्या धम्माने अडीच हजार वर्षांपूर्वी लोकभाषेचा मान राखला, त्या धम्माच्या अनुयायांनी शेजारच्या भिल्ल मुलाच्या बोलीस हसावे हे शोभत नाही. आम्ही हे मुद्दाम लिहीत आहोत, कारण दोन पिढ्या शिकलेल्या आपल्या काही घरांतून असे हसू ऐकू येते. मुलास प्रमाण मराठी आली पाहिजे, याविषयी आमचे दुमत नाही. तिच्यावाचून पुढची दारे उघडत नाहीत. परंतु तिच्याकडे जाण्याची वाट घरच्या बोलीतून जाते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शक्य तेथे पाचवीपर्यंत घरची भाषा शिकविण्याचे माध्यम असावी असे म्हटले आहे. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे प्राथमिक शिक्षण बारा वर्षांपर्यंत सक्तीचे करा असे सांगतानाच शिक्षक शेतकरी वर्गातून आलेले असावेत, लोकांत मिसळणारे असावेत, असे बजावले होते, त्याचे मर्म हेच.

तसेच चुल्लपंथकाचे. चार महिने घोकूनही त्यास एक गाथा पाठ होईना. थोरला भाऊ महापंथक स्वतः विद्वान होता. त्याने धाकट्यास विहारातून जावयास सांगितले. तथागतांनी त्यास परत बोलाविले, हाती स्वच्छ वस्त्राचा तुकडा दिला आणि ते हाताळीत राहावयास सांगितले. वस्त्र मळत गेले, तसे त्यास जे कळावयाचे ते कळले. पाठांतरात नापास झालेला हा भिक्खू पुढे अर्हत् झाला. मुलास ‘ढ’ म्हणणाऱ्या मास्तरास आणि त्याहून अधिक मोठ्याने ‘ढ’ म्हणणाऱ्या बापास ही कथा सांगावी.

आता आपल्या घरचे बोलू. गेल्या काही वर्षांत आपल्या समाजात एक समजूत दृढ होत चालली आहे की, जिल्हा परिषदेची शाळा ही ज्यांस दुसरी सोय नाही त्यांची. चार पैसे हाती आले की, मूल पिवळ्या गाडीत बसवून तालुक्याच्या गावी इंग्रजी नावाच्या शाळेत पाठवावयाचे. त्या शाळेची बारावी-पंधरावी पायरी गाठलेले शिक्षक किती, तेथे प्रशिक्षित कोण, मुलास तेथे तरी वाचता येते काय, याची चौकशी कोणी करीत नाही. गळपट्टा आणि बूट पाहून आपण समाधान मानतो. इंग्रजी शिकू नये असे आम्ही म्हणत नाही. कोलंबिया आणि लंडन येथे जाऊन आलेल्या महापुरुषाचे अनुयायी असे कसे म्हणतील? परंतु घरात शब्द नाही, वर्गात समजावणारा नाही, अशा इंग्रजीतून मूल ना इकडचे राहते ना तिकडचे होते. आणि दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. गावातील बोलका, अर्ज लिहू शकणारा, गटशिक्षणाधिकाऱ्यापुढे उभा राहू शकणारा पालक ज्या दिवशी आपले मूल काढून नेतो, त्या दिवशी त्या शाळेचा पट एकाने घटतो आणि तिची दाद मागणारा आवाजही जातो. मागे उरतात ती ज्यांच्या आईबापांस कोणी विचारीत नाही अशांची मुले.

पट घटला की काय होते तेही पाहा. कायद्याप्रमाणे प्राथमिक शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक मिळतात, त्यापुढे नव्वदपर्यंत तीन. मुले कमी, म्हणून शिक्षक कमी. शिक्षक कमी, म्हणून एका खोलीत चार इयत्ता. चार इयत्ता एका खोलीत, म्हणून शिकविणे पातळ. आणि ते पातळ, म्हणून आणखी मुले जातात. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याच्या शिक्षण खात्याने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचे प्रस्ताव मागविले. अशा शाळा राज्यात चौदा हजारांहून अधिक, आणि त्यांतील मुले सुमारे १ लाख ८५ हजार होती. या कामी नमुना म्हणून ज्या शाळांकडे बोट दाखविण्यात आले त्यांतील एक आपल्या सातपुड्यातच, तोरणमाळ येथे आहे. मोठ्या शाळेत खोल्या, वाचनालय, खेळाचे साहित्य मिळते हे खरे. पण पहिलीतील सहा वर्षांची मुलगी डोंगर उतरून, नाला ओलांडून रोज किती दूर जाईल? पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी, हा नियम याच महाराष्ट्र सरकारने २०११ साली केला. मुलीच्या शाळेची वाट लांबली की पहिली वीट तेथेच निखळते. १९९२ साली दुर्बल घटकांतील मुलींची पहिली ते चौथीपर्यंतची हजेरी वाढावी म्हणून दिवसाला एक रुपया भत्ता ठरविण्यात आला, आणि पुढे तीस वर्षे तो एक रुपयाच राहिला. मुलींच्या शिक्षणाविषयीच्या कळकळीचे मोजमाप यावरून वाचकांनी करावे.

प्रवेशाच्या दिवसाविषयी एक सूचना येथेच करून ठेवतो. विशेषतः ज्या कुटुंबांनी नुकतीच धम्मदीक्षा घेतली आहे त्यांच्यासाठी. शाळेच्या जनरल रजिस्टरात पहिल्या दिवशी जे लिहिले जाते, तेच पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर उतरते आणि जन्मभर मागे लागते. धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’ असेच लिहा. सवलत जाईल या भीतीने आजही काही घरे ‘हिंदू’ लिहितात. ही भीती निराधार आहे. महाराष्ट्राने नवबौद्धांस सवलती १९६० सालीच दिल्या, आणि १९९० साली संसदेने कायदा दुरुस्त करून बौद्धांस अनुसूचित जातींत स्थान दिले. मात्र जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा वाडवडिलांच्या जातीचा पुरावा लागतो. तेव्हा आजोबा-पणजोबांच्या शाळेचा अथवा महसुली दप्तराचा उतारा आताच मिळवून जपून ठेवा. नाव, आडनाव, जन्मतारीख यांचे अक्षर न् अक्षर स्वतः वाचून पाहा. वाचता येत नसेल तर शेजारच्या मुलीकडून वाचून घ्या. शाळा सुटल्यावर ही चूक दुरुस्त करण्यासाठी किती खेटे घालावे लागतात, ते ज्यांनी घातले त्यांस विचारा.

सिगालोवाद सुत्तात आईबापांची मुलांविषयीची जी पाच कर्तव्ये सांगितली आहेत, त्यांत मुलास विद्या व कला शिकविणे हे एक आहे. ते शाळेच्या दारात मूल सोडल्याने पुरे होत नाही. दर महिन्याच्या पौर्णिमेस विहारात वंदना होते. त्या दिवशी वंदनेनंतर पहिली ते चौथीच्या प्रत्येक मुलास, मग ते बौद्धाचे असो, भिल्लाचे असो वा पावऱ्याचे, पुस्तकाचे न शिकविलेले पान उघडून वाचावयास द्यावे. ज्यास येत नाही त्यास रागावू नये. त्याचे नाव व कोठे अडते ते वहीत लिहून ठेवावे. दहावी-बारावी झालेल्या आपल्या मुलामुलींनी रोज सायंकाळी एक तास त्यांस घेऊन बसावे. आणि ती वही घेऊन शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीस जावे. या समितीत चारांतले तीन सभासद पालक असतात व निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. दुर्बल घटकांस त्यांच्या प्रमाणात जागा द्यावी लागते. पुष्कळ गावी ही समिती केवळ सह्यांपुरती असते. पोषण आहाराचा हिशेब जसा तीत विचारला जातो, तसाच तिसरीतील किती मुले वाचतात हा हिशेब विचारला गेला पाहिजे. मास्तर हा आपला शत्रू नव्हे. जनगणना, निवडणूक, माहितीचे तक्ते यांच्या ओझ्याखाली तोही दबलेला आहे. त्याच्याशी भांडण करण्यापूर्वी त्याच्या वर्गात जाऊन अर्धा दिवस बसावे.

आणि शेवटचे काम तातडीचे. दिवाळी झाली की या भागातील शेकडो कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत, सुरत-बारडोलीकडे जातात व उन्हाळ्यातच परत येतात. त्यांच्याबरोबर गेलेल्या मुलाचे निम्मे वर्ष फडात जाते, आणि परतल्यावर ते पुढच्या इयत्तेत बसते खरे, पण मागचे वर्ष त्याच्याजवळ नसते. आजीआजोबांजवळ राहू शकणाऱ्या मुलांसाठी शाळेतच दोन वेळच्या जेवणाची सोय करणारी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. जी मुले जाणारच त्यांच्यासाठी शिक्षण हमी पत्रक आहे, ते दाखवून त्यांस परमुलखातील शाळेत बसता येते. दोन्ही गोष्टी मागितल्यावाचून वेळेवर मिळत नाहीत. कोणत्या घरातील कोण जाणार, कोणते मूल मागे राहू शकते, याची घरोघर फिरून यादी करावी. फक्त आपल्या वस्तीची नव्हे, साऱ्या गावाची. ती अशोक विजयादशमीच्या आत मुख्याध्यापकांच्या हाती पडली पाहिजे व तिची पोच लिहून घेतली पाहिजे. मुकादमाने उचल आधीच वाटलेली असते, आणि दिवाळीनंतर त्याची गाडी दाराशी येते तेव्हा यादी करावयास वेळ उरत नाही.